शेवटची उजळणी

बीजगणिताच्या पेपरच्या दिवशी सकाळी चंद्रकांत सरांनी गाळ्याचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं, फळ्यावर भराभर गणितं लिहिली आणि म्हणाले, "वह्या बंद. लिहून कुणीही घ्यायचं नाही. नुसतं बघा आणि डोक्यात बसवा."

समीक्षा मरगळेला त्यात काही वावगं वाटलं नाही. पेपरला जाता जाता मुलांनी वह्या चिवडत बसू नये म्हणून सर म्हणत असतील, एवढंच तिच्या मनात आलं. बाकावर पाच-सहाच मुलं होती. सर नेहमीसारखे हसत नव्हते. हातातला मोबाईल ते सारखा उचलून बघत होते आणि पालथा ठेवत होते. एक एक गणित त्यांनी पूर्ण सोडवून दाखवलं, कुणाला काही अडलंय का तेसुद्धा न विचारता. शेवटचं उत्तर लिहून झालं तसा फळा स्वच्छ पुसला. नुसता पुसला नाही, ओल्या फडक्यानं पुसला.

"चला, निघा. देवाचं नाव घ्या आणि लिहा," ते म्हणाले.

हा क्लास बावधनला, एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात चालायचा. सर वरच राहायचे, बायकोबरोबर. मूळचे लातूरकडचे. हिंजवडीच्या एका कंपनीत हिशेबाचं काम करायचे, ते सोडून त्यांनी क्लास काढला होता. समीक्षा राहायची लवळ्याच्या वरच्या अंगाला, धनगरवस्तीवर. बाप बिरदेव थोडी शेरडं राखायचा आणि सूसला नव्या इमारतींच्या कामावर रोजानं जायचा. दहावीच्या पहिल्याच चाचणीत समीक्षा गणितात सपशेल आपटली, तेव्हा शाळेतल्या उत्कर्षा मॅडमनीच तिला या क्लासचा रस्ता दाखवला होता.

पहिल्या दिवशी सरांनी तिला फळ्यापाशी बोलावलं आणि एक साधं समीकरण सोडवायला दिलं. तिचा हात खडू धरून नुसता लटकत राहिला. बाकीची मुलं हसली. सर तिच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "तुला येतं गं. तुला येतंय हे तुला माहीत नाही, एवढाच काय तो घोळ आहे."

असं तिला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. त्या एका वाक्यावर तिनं वर्ष काढलं. शेरडं चरायला सोडली की करवंदीच्या सावलीत बसून मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवायची. वर्गसमीकरणाचे अवयव पाडायचे म्हणजे दोन हरवलेली करडं शोधून काढण्यासारखं तिला वाटायला लागलं. गुणाकार हा, बेरीज ही, तर मग ती दोघं कोण? सापडली की एकटीच हसायची. चुका व्हायच्या, खूप व्हायच्या. पण सरांचं ते वाक्य पाठीशी होतं. पूर्वपरीक्षेत ती पास झाली, काठावर का होईना, पण झाली. त्या दिवशी बिरदेवनं वस्तीवर सगळ्यांना चहा पाजला.

तर त्या सकाळी ती केंद्रावर गेली, बाकावर बसली, प्रश्नपत्रिका हातात आली. तिनं डोळे मिटून नमस्कार केला आणि पहिलं पान उलटलं.

दोन नळांचं गणित होतं. लहान नळाला टाकी भरायला मोठ्या नळापेक्षा पाच तास जास्त लागतात, दोन्ही मिळून सहा तासांत भरतात. मघाशी फळ्यावर हेच होतं. तिला आनंद झाला. सरांनी काय अचूक हेरलं, असं मनात आलं. मग तिनं पुढचं वाचलं. अंकगणिती श्रेढीचं गणित. शेवंताबाईंनी रोपवाटिकेत पहिल्या रांगेत सात रोपं लावली, पुढच्या प्रत्येक रांगेत तीन जास्त, अशा पंधरा रांगा.

शेवंताबाई.

समीक्षाचं बोट त्या नावावरच थांबलं. सकाळी सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, 'शेवंताबाईंनी'. मागच्या बाकावरचा मुलगा फिसकन हसलासुद्धा होता त्या नावाला. गणितातले आकडे जुळू शकतात. नळ, टाकी, रोपं, रांगा, हे तर दरवर्षीचंच. पण शेवंताबाई? हे नाव सरांना कसं सुचलं? बाईचं नाव कुणी अंदाजानं सांगू शकतं का?

तिनं घाईघाईनं पुढची पानं चाळली. फाशाचं गणित, तेच. सारणीवरचं, तेच. आकडेही तेच, क्रमही तोच. कानात रातकिडे ओरडावेत तसा आवाज व्हायला लागला. पंखा गरगरत होता आणि तिच्या मानेवरून घामाचा ओघळ पाठीत उतरत होता. पुढच्या बाकावर मृण्मयी, क्लासमधलीच, मान खाली घालून सपासप लिहीत होती. एकदा तिनं पर्यवेक्षकांचं लक्ष नाही असं बघून मागे वळून समीक्षाकडे पाहिलं आणि डोळे मोठे केले. ती हसत होती.

समीक्षानं लिहिलं. न लिहून काय करणार होती? उत्तरं हातातून आपोआप उतरत होती, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. नळाचं गणित ती गेल्या महिन्यात तशाच आकड्यांनी करवंदीखाली सोडवून बसली होती. ते तिला आलंच असतं. का आलं नसतं? आता हे सांगणार कोण? लिहिता लिहिता तिला कळेना, की कुठलं उत्तर आपलं आहे आणि कुठलं फळ्यावरचं.

बाहेर फाटकापाशी मृण्मयीनं तिला मिठीच मारली. "अगं सेम टू सेम! सर म्हणजे ग्रेट आहेत यार."

"मृण्मयी, शेवंताबाई..."

मृण्मयीनं तिचा दंड दाबला आणि आवाज खाली आणला. "गप ना. कळलंय सगळ्यांना. त्यात काय एवढं? सगळीकडे असंच चालतं. तू काही केलंयस का? आपण फक्त क्लासला गेलो होतो."

बिरदेव मोटरसायकल घेऊन उभा होता. "कसा गेला?" त्यानं विचारलं.

"गेला," एवढंच ती म्हणाली.

भूमितीचा पेपर एक दिवस सोडून होता. त्या मधल्या दिवशी सरांचा मेसेज आला, 'उद्या सकाळी भूमितीची उजळणी. वेळेवर ये.' समीक्षानं तो पुन्हा पुन्हा वाचला. सरळ विचारून टाकलेलं बरं, असं तिला वाटलं. सर काहीतरी सांगतील, आणि ते ऐकून हा सगळा घोळ सुटेल. दुपारी लवळ्याच्या फाट्यावरून तिनं बस धरली आणि बावधनला उतरली.

गाळ्यात सर एकटेच होते. तिला बघून दचकले, मग म्हणाले, "अगं, उद्या सकाळी म्हटलं होतं."

"सर, ते शेवंताबाईचं गणित तुमी कुटनं आनलं हुतं?"

सर हसले. "जुने पेपर बघून बघून अंदाज येतो गं. इतकी वर्षं मी काय करतोय?"

"अन् नाव?"

त्यांनी डस्टर उचललं आणि कोरा फळा पुसायला लागले. तो फळा आधीच स्वच्छ होता. समीक्षा त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. आतापर्यंत तिला कुठंतरी आशा होती. त्या कोऱ्या फळ्यावर डस्टर फिरताना पाहिलं आणि ती आशाही गेली.

"तुला कशाला हव्यात नसत्या चौकशा?" सर न वळताच म्हणाले. "पेपर सोपा गेला ना?"

"मला आलं असतं, सर. नळाचं गणित मला तसंबी आलं असतं. तुमीच म्हनायचात, तुला येतं म्हनून."

सर वळले. त्यांचा चेहरा एकदम थकलेला दिसला. "बस," ते म्हणाले. ती बसली नाही. "हे बघ समीक्षा, वर्षभर मी तुमचे पेपर तपासतोय. कोण कुठं आहे ते मला कळतं. तू घाबरलीस की वजाचं चिन्ह खाऊन टाकतेस. अर्धं गणित बरोबर करतेस आणि शेवटी घालवतेस. मृण्मयीचं काय, तिचे आईवडील तिला दहा क्लास लावतील. तू नापास झाली असतीस तर तुझ्या वडिलांनी तुला पुढं शिकवलं असतं? मी हे तुझ्यासारख्यांसाठी केलंय, बाळ."

"म्हंजे मी नापास झाले असते?"

सरांना खोटं बोलता आलं असतं. वर्षभर बोललेच होते. पण त्या वेळी ते खरं बोलले.

"बहुतेक," ते म्हणाले.

पेपर फुटला, सरांनी चोरी केली, हे सगळं त्या एका शब्दापुढं मागं पडलं. तुला येतं, तुला येतं, असं म्हणताना या माणसाच्या मनात वर्षभर हेच होतं? ती शेरडांमागं बसून गणितं सोडवत होती, एखादं चुकलं तरी त्यांचं वाक्य आठवून पुन्हा मांडत होती, तेव्हा यांनी तिचा निकाल आधीच लावून टाकला होता?

तेवढ्यात मागं काहीतरी खळखळलं. जिन्याच्या दारात सरांच्या पत्नी, सुनीती काकू, चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. कप बशीत हिंदकळले होते आणि ट्रेमध्ये चहा सांडला होता. त्या कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. त्या सरांकडे असं बघत होत्या, जणू आपल्या घरात कुणी परका माणूस येऊन बसलाय.

"काय केलंत तुम्ही?" त्या म्हणाल्या.

"तू वर जा," सर म्हणाले. मग समीक्षाला म्हणाले, "उद्या सकाळी ये. भूमिती तुझी याहून कच्ची आहे."

ती निघाली. बस कधी आली, ती कधी चढली, फाट्यावर कशी उतरली, तिला आठवत नव्हतं. वस्तीवर बिरदेव शेरडं आत घेत होता. ती त्याच्यापाशी गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

बिरदेवच्या हातातली काठी तशीच राहिली. "मास्तर?" तो म्हणाला. "आपला मास्तर? कुनाला बोललीस का ह्ये?"

"न्हाई."

"मंग नगं बोलूस. पास हुशील न्हवं? बास झालं. मोठ्या मानसांच्या भानगडीत आपुन न्हाई पडायचं. उंद्या पोलीस आले, तर आपल्याला इचारनार हाय का कुनी, तुमी चांगले का वाईट?" तो एका दमात बोलला आणि मग त्यालाच ते कसंसं वाटलं असावं. खालच्या आवाजात त्यानं विचारलं, "उंद्या सकाळच्याला जानार हायेस तितं?"

"न्हाई."

"अन् न्हाई आलं भूमितीत, तर?"

"तर न्हाई आलं, आप्पा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बावधनच्या वळणावर त्यानं गाडी हळू केली. मागं न बघता विचारलं, "कुटं घिऊ? क्लासला का शाळंला?"

"शाळंला," समीक्षा म्हणाली.

परीक्षेच्या वर्गात मृण्मयीचा बाक रिकामा होता. क्लासमधला आणखी एक मुलगा याच वर्गात बसायचा, त्याचाही. प्रश्नपत्रिका वाटायची वेळ होत आली तरी कुणाचा पत्ता नव्हता. अगदी शेवटी दार उघडलं आणि एक पोलीसबाई त्या दोघांना घेऊन आत आली. मृण्मयीचे डोळे सुजले होते. केंद्रप्रमुखांशी काहीतरी बोलणं झालं, दोघांना वेगळ्या खोलीत नेलं. जाताना मृण्मयीनं समीक्षाकडे पाहिलं. तशी नजर समीक्षानं आजवर कुणाच्याच डोळ्यांत पाहिली नव्हती.

पेपर तिनं कसाबसा सुरू केला. पहिली आकृतीच चुकली. खोडली, पुन्हा काढली. बाह्यबिंदूतून वर्तुळाला काढलेल्या स्पर्शिकांचं प्रमेय आलं होतं. ते लिहिता लिहिता तिचा हात जरा स्थिरावला. कारणं एकाखाली एक येत गेली. एक रचना राहिली, एक गणित अर्धंच सुटलं. पण घंटा झाली तेव्हा तिला एवढं नक्की माहीत होतं, की जे काही लिहिलंय ते आपण लिहिलंय.

बाहेर गर्दी होती. सकाळी उजळणी चालू असतानाच पोलिसांनी शटर वर करून सरांना पकडलं होतं. त्यांच्या मोबाईलमध्ये भूमितीच्या पेपरचे फोटो होते, कुठल्याशा केंद्रावरच्या ओळखीच्या माणसानं पाठवलेले. हे सगळं समीक्षाला तुकड्या-तुकड्यांनी ऐकू आलं. ती नीट ऐकतेय तोवर मृण्मयीची आई तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तूच ना ती? आज बरोबर नेमकी तूच गेली नाहीस. स्वतःचा बीजगणिताचा पेपर छान लिहून घेतलास आणि मग इतरांना अडकवलंस?"

"मी न्हाई सांगितलं," समीक्षा म्हणाली.

"मग कुणी सांगितलं? देवानं?"

कुणाचाच विश्वास बसला नाही. मोटरसायकलवर बसल्यावर बिरदेवसुद्धा म्हणाला, "सांगायचंच हुतं तर निदान मला तरी बोलायचंस."

"आप्पा, खरंच मी न्हाई."

त्यानं किक मारली. आणि समीक्षाला त्याहून जास्त लागलं ते हे, की लोक समजतात तेवढी हिंमत आपल्याला झालीच नव्हती. ती नुसती क्लासला गेली नव्हती, एवढंच.

काही दिवसांनी उत्कर्षा मॅडमनी तिला शाळेत बोलावलं. बिरदेव बरोबर आला, पण व्हरांड्यातच थांबला. खोलीत मंडळाकडून चौकशीला आलेले एक साहेब होते. ते कागद लावत होते, तोवर मॅडम तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "घाबरू नकोस. तू सांगितलं नाहीस ते मला माहितीय. फोन सरांच्या मिसेसनी केला होता. त्यांनी स्वतः येऊन जबाब दिलाय."

समीक्षा बघतच राहिली. सुनीती काकू? स्वतःच्या नवऱ्याला? तिच्या डोळ्यांसमोर तो ट्रे आला, त्यात सांडलेला चहा आला. ज्या बाईनं वर्षभर खाली चहा आणून देण्यापलीकडे कधी शब्द काढला नव्हता, तिनं एका संध्याकाळी आपला सगळा संसार पणाला लावला होता.

साहेबांनी आवाज न चढवता विचारलं, "भूमितीच्या दिवशी तू क्लासला गेली नव्हतीस, ते स्पष्ट आहे. तुझा भूमितीचा पेपर साफ आहे. मला फक्त एक सांग. बीजगणिताच्या दिवशी असं काही झालं होतं का? बाकी सगळी मुलं नाही म्हणतायत. ते सरही नाही म्हणतात. मिसेसना त्या दिवसाबद्दल स्वतःला काही माहीत नाही."

म्हणजे कुणी बोललं नाही, तर काहीच झालं नव्हतं. बीजगणित सुटलं होतं. चांगले मार्क पडणार होते. नुसतं मान हलवायची आणि बाहेर जायचं. दारातून तिला बापाची पाठ दिसत होती.

"झालं हुतं," समीक्षा म्हणाली.

मॅडमनी चटकन तिच्याकडे पाहिलं.

"तू होतीस तिथं?"

"व्हय. मी हुते. सगळी गनितं आधी बघितली हुती."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुला कळतंय ना तू काय सांगतेयस ते?"

तिला कळत होतं असं तिला वाटलं. बीजगणित गेलं, ते पुन्हा द्यावं लागेल, असा तिचा हिशेब होता. निकालाच्या दिवशी बाकी सगळ्या विषयांचे गुण आले आणि गणितापुढं काहीच आलं नाही, तेव्हा ती तयारीनंच मॅडमकडे गेली. पण मॅडम तिची नजर टाळत होत्या.

"गणित पुरवणी परीक्षेत पुन्हा द्यायचंय. दोन्ही पेपर."

"दोन्ही? मॅडम, भूमिती मी माझी लिवली हुती."

"मला माहितीय गं."

"ते साहेबबी म्हनाले, पेपर साफ हाय म्हनून."

"विषय एकच आहे, समीक्षा. भाग दोन असले तरी विषय एक. रद्द झाला की सगळा होतो."

इतक्या दिवसांत ती रडली नव्हती. त्या वेळी मात्र शाळेच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडली. ते प्रमेय, ती पुन्हा काढलेली आकृती, ते अर्धं राहिलेलं गणित. त्याला किती मार्क होते, ते आता कुणीच कधी सांगणार नव्हतं.

घरी बिरदेव कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलला नाही. "खरं बोलून ह्ये मिळालं," एवढंच एकदा म्हणाला. पण लग्नाचं बघू, असं वस्तीवरचं कुणी म्हणालं, तेव्हा त्याला हाकलून लावलं ते मात्र त्यानंच.

मेच्या अखेरीला ती पुन्हा प्रश्नपत्रिका घेऊन बसायला लागली. आता पाठीशी कुणाचं वाक्य नव्हतं. गणित चुकलं की चुकलंच. बरोबर आलं तरी शाबासकी नव्हती. नेहमीच्याच आकड्यांकडे ती संशयानं बघायची. एकदा दुपारी फोन वाजला. मृण्मयीचा होता. बोलणं थांबल्याला महिने झाले होते.

"श्रेढीचं एक गणित अडलंय," मृण्मयी म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आई अजून चिडलेली आहे. मी नाहीये."

"सांग गनित," समीक्षा म्हणाली. वस्तीवर रेंज सारखी तुटायची, म्हणून ती टेकाडावर जाऊन बसली. त्या दिवसापासून दोघी रोज फोनवर गणितं सोडवायच्या. कधी भांडायच्याही, उत्तरावरून.

पुरवणी परीक्षेत तिनं बीजगणिताचा पेपर उलटला. एकही गणित ओळखीचं निघू नये, असं मनात म्हणत तिनं वाचलं. एकही नव्हतं. मग ती सोडवत गेली. एका वर्गसमीकरणाचं उत्तर भलतंच यायला लागलं. पुन्हा वरून बघितलं तर वजाचं चिन्ह खाल्लं होतं. सर खोटं सांगत नव्हते तर. तिनं चिन्ह घातलं, खालच्या सगळ्या ओळी खोडल्या आणि परत लिहिल्या.

ती पास झाली. गणितात सत्तावन्न. बिरदेवनं आकडा दोनदा विचारून घेतला. मग तो शेरडांकडे निघून गेला. बराच वेळ परत आला नाही.

अकरावीला ती पिरंगुटच्या कॉलेजात जायला लागली. पावसाळा सरता सरता काही कामानं ती पुण्यात गेली होती. परत येताना चांदणी चौकाच्या बसथांब्यावर उभी होती, तर पलीकडच्या टोकाला चंद्रकांत सर दिसले. जामिनावर सुटलेत हे तिनं ऐकलं होतं. दाढी वाढली होती, शर्ट अंगावर लोंबत होता. त्यांनीही तिला पाहिलं आणि तोंड फिरवलं. ती तिथंच उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं मनात अनेकदा घोळवलं होतं. त्यातलं आता काहीच आठवेना.

शेवटी तेच जवळ आले.

"पुरवणीला बसलीस ना?"

"व्हय."

"किती पडले?"

"सत्तावन्न."

"सत्तावन्न?" सर म्हणाले. "गणितात?" त्यांचे डोळे विस्फारले, तोंड उघडंच राहिलं. त्या आश्चर्यात खोटं काही नव्हतं. एखादी अशक्य गोष्ट समोर घडावी तसे ते तिच्याकडे बघत होते. ते पाहून तिला पुन्हा तसाच धक्का बसला, त्या दुपारी गाळ्यात बसला होता तसा. या माणसाला आत्तापर्यंत, या क्षणापर्यंत, खरंच वाटलं नव्हतं.

राग येईल असं तिला वाटलं होतं. आला नाही. नुसतं आत काहीतरी रिकामं झालं.

"काकू कशा हायेत?" तिनं विचारलं.

"माहेरी असते ती." सर रस्त्याकडे बघायला लागले. "बोलत नाही माझ्याशी."

"त्यांचा नंबर द्या मला."

सरांनी नंबर सांगितला, तिनं तो मोबाईलवर घेतला. तेवढ्यात तिची बस आली. ती चढली, खिडकीपाशी जागा मिळाली. बसनं बावधनचा रस्ता धरला तसा तिनं नंबर लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली.

"हॅलो, कोण?"

"काकू, मी समीक्षा मरगळे. क्लासमधली."

सुनीती काकूंचा आवाज बारीक झाला.

"बोल गं," त्या म्हणाल्या. "पास झालीस का?"